वायाळ सरांचा अंधार

आमच्या कॉलेजात मराठी विभाग आणि भौतिकशास्त्राची अंधारखोली यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि तीही अर्धी. बांधताना विटा संपल्या म्हणून वरचा भाग तट्ट्यानं बंद केला होता. त्यामुळे मी इकडे विरहिणी शिकवत असताना तिकडून "हलू नको बे! धर, धर... आता सोड!" असं ऐकू यायचं, आणि माझा वर्ग विरहिणीला वाऱ्यावर सोडून हसायचा. त्या आवाजाचे मालक म्हणजे प्रा. दिगंबर वायाळ. आवाज मी आठ दिवस ऐकला, माणूस नवव्या दिवशी पाहिला.

ते स्टाफरूमच्या दारात उभे होते आणि सुईनं भोक पाडलेलं पोस्टकार्ड डोळ्याला लावून माझ्याकडे पाहत होते.

"नमस्कार बाई. मी वायाळ. तुमच्या नाकातल्या चमकीले खडा एक हाय का दोन, ते पाहून राह्यलो."

नव्या बाईशी ओळख करून घेण्याची ही रीत आमच्या अकोल्यात नव्हती. मी जरा कडक आवाजात म्हटलं, "एकच आहे."

"घाई नका करू," ते म्हणाले. "या छिद्रातून अजून सांगता येत नाही."

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. आमच्या भागातल्या लोकांनी घर न बदलता थोड्या वर्षांत तीन राज्यं पाहिली होती, त्यामुळे कशाचंच फार नवल वाटत नसे. बुलढाण्यात कचेऱ्या वाढत होत्या, शाळा-कॉलेजं निघत होती, आणि दोन्हीकडे शहाणी माणसं बाहेरून आणायची पद्धत पडली होती. प्राचार्य पुण्याहून आणले होते. मी अकोल्याहून आले होते. वायाळ सर मात्र मोताळ्याकडच्या रोहिणखेडचे. घाट उतरला की त्यांचं गाव, म्हणून कॉलेजात त्यांची पत सगळ्यांत कमी.

पंचेचाळिशीचा उंच माणूस, काळा कोट, कोपरांवर खडूची पांढरी ठिगळं, पायात टायरच्या चपला. कोटाच्या एका खिशात भुईमुगाच्या शेंगा, दुसऱ्यात टरफलं. कधी कधी खिसे चुकायचे, आणि मग वर्गात शिकवता शिकवता ते टरफल तोंडात टाकून थोडा वेळ विचारात पडायचे. "मला माहीत नाही" हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. पाऊस येईल का, पगार वेळेवर होईल का, प्राचार्य खरंच पुण्याला परत जाणार आहेत का, कशालाही त्यांचं उत्तर एकच: "तितका उजेड नाही पडला अजून." आम्हाला तो त्यांचा तकियाकलाम वाटायचा. ते मात्र अगदी शास्त्र म्हणून सांगत असत.

त्यांच्या डोक्यात सगळा वेळ एकच भानगड होती. दोन दिवे एकमेकांच्या अगदी जवळ असले आणि लांबून पाहिले, तर ते एकच दिसतात. का? पुस्तकात त्याचं उत्तर होतं. प्रकाशाचा ठिपका दुर्बिणीच्या काचेतून येताना थोडा पसरतो, टीपकागदावर शाईचा थेंब पसरतो तसा. दोन थेंब फार जवळ पडले की एकच डाग होतो. किती जवळ म्हणजे फार जवळ, याची रेघ मागच्या शतकात एका इंग्रज लॉर्डानं आखून दिली होती. त्या रेघेच्या आतलं ओळखता येत नाही, असं पुस्तक म्हणत होतं, विद्यापीठ म्हणत होतं आणि म्हणून आमचे प्राचार्यही म्हणत होते.

"लॉर्डानं ती रेघ सोयीसाठी आखली," वायाळ सर म्हणायचे. "बिचाऱ्याले डोळ्यानं पाहाचं होतं. देवाची नाही हाय ती रेघ."

मग देवाची रेघ कुठली? त्यासाठी ते समोरच्याला जवारीकडे नेत. "उजेड दान्यादान्यानं येते, बाई. जवारीसारखा. आता दोन मुठी जवारी शेजारी-शेजारी सोडा. लांब सोडली तर दोन ढीग. जवळ सोडली तर एकच दिसते. पन तो ढीग एका मुठीच्या ढिगापरीस जरासा बसका असते. बसका हाय का नाही, हे किती दाने मोजता त्याच्यावर हाय. दाने कमी, तर अंदाज कच्चा. ही झाली खरी मर्यादा. दानेच अपुरे असले, तर देवबी काय करन?"

त्यांच्या घरी तिन्हीसांजेला कंदील लागायचे ते ओट्यावर, एकमेकांना जवळजवळ चिकटून. सर गल्लीच्या टोकाला जाऊन पोस्टकार्डातून पाहत उभे राहत. शेजाऱ्यांना ते एखादं व्रत वाटे, आणि दोन बायकांनी तर त्याचा विधी सरांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, येऊन विचारला होता. काकू माझ्यापाशी हसून म्हणाल्या, "माह्या घरात कंदील दोन हायेत बाई, पन भाकरी मी अंधारातच थापतो. त्याहिले म्हनलं, एक तरी चुलीपाशी ठेवा. तर म्हनतात, मंग दोन कसे होतीन?"

हे सगळं ओट्यापुरतं राहिलं असतं तर कोणाची हरकत नव्हती. पण सर ते वर्गात शिकवायचे.

पहिल्याच वर्षी विद्यापीठाच्या परीक्षेत नेमका तो प्रश्न आला: दोन प्रकाशबिंदू वेगळे ओळखण्याची मर्यादा सांगा. आमच्या अकरा मुलांनी लॉर्डाचा नियम लिहिला, आणि खाली प्रामाणिकपणे पुस्ती जोडली की ही मर्यादा सोयीची असून खरी मर्यादा उजेडाच्या दाण्यांच्या मोजणीवर अवलंबून आहे. एकानं जवारीच्या ढिगाची आकृतीही काढली होती. अकराही जणांना त्या प्रश्नाला भोपळा मिळाला. त्यातले चार त्या भोपळ्यानंच नापास झाले.

निकाल लागला त्या दिवशी सर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी घाट उतरून मलकापूरला गेले आणि नागपूरची गाडी पकडली. तिसऱ्या दिवशी परत आले तेव्हा कोट चुरगळला होता आणि शेंगांचा खिसा भरलेला तसाच होता.

"भेटले का परीक्षक?" मी विचारलं.

"भेटले. चांगला मानूस हाय. चहा पाजला. म्हने, वायाळ, तुमच्या पोरांनी लिहिलं ते चूक हाय असं मी म्हनत नाही. पन ते माह्यापाशी आलेल्या नमुना-उत्तरात नाही. मी म्हनलं, मंग नमुन्यात घाला. तर म्हने, नमुना पाच वर्षांनी बदलते."

"मग?"

"मंग काय. पाच वर्षं थांबा म्हनून त्या चार पोरांले मी कोन्या तोंडानं सांगू?"

त्या उन्हाळ्यात रोज सकाळी त्यांनी त्या चौघांना घरी बसवून शिकवलं आणि ऑक्टोबरच्या परीक्षेला लॉर्डाचा नियम घोकून लिहायला लावला. चौघंही पास झाले. प्राचार्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये सांगितलं, "वायाळ, आता तरी आपल्या लक्षात आलं असेल. विज्ञान हे शिस्तीनं शिकवायचं असतं." सर म्हणाले, "हाव." प्राचार्यांना 'हाव' हा शब्द कधीच सहन झाला नाही. त्यांनी तिथल्या तिथे "होय" असं सुधारून घेतलं, आणि मीटिंगच्या वृत्तांतात होय असंच लिहिलं गेलं.

त्याच हिवाळ्यात मंत्र्यांचा दौरा निघाला. मंत्री मलकापूरकडून मोटारीनं येणार आणि आमच्या संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब घाटमाथ्यावर त्यांचं स्वागत करणार, असं ठरलं. दादासाहेब म्हणजे दोनशे एकरांचे धनी. त्यांना भाषणाची आवड होती आणि शिक्षणाबद्दल आदर होता, कारण ते त्यांनी फारसं जवळून पाहिलं नव्हतं. दुपारी चारची वेळ दिली होती. सहा वाजले तरी मोटार नाही. आम्ही सगळे प्राध्यापक दरीकडे तोंड करून ओळीनं उभे, मागे बँडवाले, पुढे हार घेतलेले दादासाहेब. दिवस मावळला. खाली मैदानात, राजूरच्या बाजूला, एक उजेड दिसू लागला.

"आले!" दादासाहेब म्हणाले. बँडवाल्यांनी वाद्यं उचलली.

वायाळ सरांनी खिशातून पोस्टकार्ड काढलं होतंच. "दादासाहेब, जरा थांबा. एकच दिवा दिसून राह्यला."

"लांबून मोटारीचे दोन दिवे एकच दिसतात, हे तुमच्याच पुस्तकात आहे ना?" प्राचार्य म्हणाले. त्या दिवसापुरता लॉर्ड त्यांच्या बाजूनं होता.

गाडी एका वळणाआड गेली, पुन्हा दिसली. सर पाहत होते. "दिवे दोनच हायेत," ते हळूच म्हणाले. "पन एका गाडीचे नाहीत. एक हालते तवा दुसरा हालत नाही. मोटारीचे दिवे बांधेल असतात, संगच हालतात. हे दोघं सुटे हायेत."

"म्हणजे काय?"

"म्हन्जे तितका उजेड पडू द्या जरा."

पण बँड सुरू झाला होता आणि सुरू झालेला बँड थांबवण्याचा अधिकार आमच्यापैकी कोणालाही नव्हता. शेवटच्या वळणावर प्रकाश अंगावर आला, डोळे दिपले, दादासाहेब पुढे धावले आणि त्यांनी हार घातला. हार घातल्यावर दिसलं की तो मलकापूरच्या एका तूपवाल्याच्या गळ्यात पडला आहे. शेजारी दुसऱ्या फटफटीवर त्याचा धाकटा भाऊ. दोघं बिचारे गप्पा मारता याव्यात म्हणून जोडीनं गाडी चालवत होते. धाकट्यानं वडील भावाच्या गळ्यातला हार पाहिला आणि नम्रपणे हात जोडून आपली मान पुढे केली.

तूपवाले गेले. बँडवाले टपरीवर चहाला गेले. आणि मंत्र्यांची मोटार नेमकी त्या वेळात आली आणि कोणी दिसत नाही म्हणून सरळ डाकबंगल्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी वायाळ सरांकडून खुलासा मागवण्यात आला. पहिल्यांदा मला वाटलं काही घोटाळा असेल. नव्हता. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: स्वागतप्रसंगी अनावश्यक शंका व्यक्त करून वातावरण गढूळ केल्याबद्दल. चुकणारे चाळीस जण होते, त्यात अध्यक्ष आणि प्राचार्य. इतक्यांचा खुलासा मागवायला टाईपरायटरची फीत पुरली नसती. एकाचा मागवणं सोयीचं होतं. सरांनी एका ओळीत उत्तर दिलं: "मला दोन दिवे दिसले, ते मी सांगितले."

या प्रकारानं ते खट्टू झाले असतील असं मला वाटलं, पण झालं उलटंच. त्या सुट्या हलणाऱ्या दोन दिव्यांनी त्यांच्या डोक्यात काहीतरी हलवलं होतं. आठवडाभर ते शेंगा खाणंही विसरले. एक दिवस तट्ट्याच्या वरून त्यांचा आवाज आला, "बाई, तास संपला का? या जरा इकडं."

अंधारखोलीत एक मोठी फरशी वाळूवर ठेवलेली होती आणि ती वाळू सायकलच्या हवा भरलेल्या ट्यूबांवर. फरशीवर आरसे. काही प्रयोगशाळेतले, बाकीचे सरांनी पदरचे आणलेले. एक तर नक्कीच न्हाव्याकडचा होता.

"आजपरेंत मी चुकत होतो," ते म्हणाले. "मी चित्र पाहत होतो. चित्रात एकाचा उजेड दुसऱ्याच्या उजेडात मिसळते, मंग दाने मोजत बसा. चित्र पाहाचंच काऊन? प्रश्न तर इतकाच हाय का, एक का दोन?"

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि मराठीच्या बाईला समजलं म्हणजे कोणालाही समजावं. येणाऱ्या उजेडाच्या दोन वाटा करायच्या. एका वाटेवर एक आरसा जास्त, म्हणजे त्या वाटेनं आलेला उजेड डावा-उजवा उलटा होतो. मग दोन्ही पुन्हा एकत्र आणायचे, असे की लाटेवर उलटी लाट पडावी. दिवा एकटाच असेल आणि बरोबर मधोमध असेल, तर सरळ आणि उलटा दोन्ही सारखेच. ते एकमेकांना खाऊन टाकतात. अंधार उरतो. पण दिवे दोन असतील, तर दोन्ही एकाच वेळी बरोबर मधोमध बसू शकत नाहीत. मग ते कितीही जवळ असोत, उलटा आणि सरळ तंतोतंत जुळत नाहीत. थोडासा उजेड उरतो.

"उरलं काही, तर समजाचं का हा एकटा नाही," सर म्हणाले. "जितकं उरलं, तितकं दोघांत अंतर."

सांगायला सोपं होतं. करायला त्यांना आठ महिने लागले. केसाच्याही बारीक अंशानं आरसा हलला तर सगळं जायचं. रस्त्यावरून ट्रक गेला की गेलं. सगळ्यांत मोठा शत्रू कॉलेजची घंटा. ती म्हणजे आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा होता आणि किसन शिपाई त्यावर जुनं वैर असल्यासारखा हातोडा मारायचा. सरांनी किसनला विनवलं, मग शेंगा देऊन फितवलं. घंटा इतकी हळू वाजू लागली की फक्त पहिल्या दोन खोल्यांना ऐकू यायची. माझा तास दहा-दहा मिनिटं लांबायचा. त्या वर्षी माझ्या मुलांना मराठीत चांगले गुण मिळाले, त्याचं श्रेय मी कधी कोणाला दिलं नाही.

आणि त्याच सुमारास विद्यापीठाची समिती येणार असं पत्र आलं. आमच्याकडे बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष नव्हतं. मुलांना त्यासाठी अमरावती नाहीतर नागपूर गाठावं लागे, आणि निम्मी मुलं गाठतच नसत. मुली तर एकही नाही. समितीला भौतिकशास्त्र विभाग पटला तर पुढच्या जूनपासून ते वर्ष बुलढाण्यातच सुरू होणार होतं.

समितीत तीन जण होते. एक अध्यक्ष, एक सारखं घड्याळ पाहणारे, आणि एक धोतर-कोट घातलेले किडकिडीत म्हातारे, नुकतेच निवृत्त झालेले. कॉलेजात बाई मी एकटीच, म्हणून चहापाण्याची व्यवस्था शास्त्रशुद्धपणे माझ्याकडे आली होती. प्राचार्यांनी त्यांना ग्रंथालय दाखवलं, ते लवकर संपलं. मग अंधारखोलीकडे आणलं. बाहेर दुपारचं रखरखीत ऊन होतं.

"साहेब, आंधी दहा मिनिटं अंधारात बसा," वायाळ सर म्हणाले. "डोळे उन्हातून आले हायेत. निवले म्हन्जे दिसन."

समित्या अंधारात बसत नाहीत. अध्यक्षांनी उभ्याउभ्याच नळीला डोळा लावला.

"काही दिसत नाही."

"हाव, बरोबर हाय," सर आनंदानं म्हणाले.

"बरोबर म्हणजे?"

"सध्या दिवा एकच चालू हाय. एकच असला म्हन्जे काही दिसाले नाही पाह्यजे. तुम्हाले काही दिसलं असतं, तर माहं चुकलं असतं."

प्राचार्य खोकले. दुसऱ्यांनी डोळा लावला, घड्याळ पाहिलं आणि तेही काही दिसत नाही म्हणाले. सरांनी दुसऱ्या दिव्यावरचा पडदा काढला. "आता पाहा. दिवे दोन हायेत. लॉर्डाच्या रेघेच्या आत, तिच्या पाचव्या हिश्श्यावर."

"लॉर्डाच्या आत?" अध्यक्षांनी प्राचार्यांकडे पाहिलं.

"जेवण तयार आहे," प्राचार्य म्हणाले.

दादासाहेबांच्या घरून पुरणपोळ्या आल्या होत्या. दोघं गेले. म्हातारे गेले नाहीत. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, स्टुलावर बसले आणि डोळे मिटले. सर आणि मीही त्या काळोखात बसलो. बऱ्याच वेळानं त्यांनी नळीला डोळा लावला. मग तो इतका वेळ काढला नाही की मला वाटलं त्यांना झोप लागली.

"झाका," ते म्हणाले. सरांनी पडदा टाकला. "उघडा. झाका. उघडा."

मग ते उठले आणि मला म्हणाले, "तुम्हीही बघून घ्या."

मी पाहिलं. सर पडदा झाकत तेव्हा काळं, उघडत तेव्हा त्या काळ्यात अगदी पुसट पिवळसर धुरासारखं काहीतरी, मधोमध. इतकंच. मी आयुष्यात ज्या फार थोड्या गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या असं म्हणू शकते, त्यातली ती एक.

"कुठं छापलंत?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"धाडलं होतं एका ठिकानी. वापस आलं. म्हने, हे अशक्य असल्याचं आधीच सिद्ध हाय."

म्हाताऱ्यांनी काठी घेतली. "वायाळ, माझ्या सहीला आता वजन राहिलेलं नाही. पण मी पाहिलं. कोणी विचारलं तर सांगेन." त्यांना कोणी विचारलं नाही. ते पुढच्याच वर्षी वारले.

माझी नात हल्ली भौतिकशास्त्रात संशोधन करते. तिला मी ही हकिकत सांगितली तेव्हा ती खाता खाता थांबली. म्हणाली, "आजी, हे तर आत्ता आत्ता, माझ्या शाळेच्या दिवसांत लोकांनी गणितानं मांडलं. उजेडाचे दाणे किती, एवढीच खरी मर्यादा, आणि बरोबर वाटणी करून पाहिलं तर ती जुनी रेघ आड येत नाही. तुमचे हे सर कोण? त्यांचं कुठं काही छापलेलं आहे का?" मी म्हटलं, आहे. विद्यापीठाच्या दफ्तरात एक खुलासा आहे, आणि त्यातलं शुद्धलेखन मी तपासलेलं आहे.

ते असं झालं. समितीचा अहवाल आला. त्यात जेवणाचा उल्लेख नव्हता, पण परिणाम दिसत होता. इमारत समाधानकारक, ग्रंथालय समाधानकारक, अंधारखोलीचा अंधार विशेष समाधानकारक. फक्त शेवटी एक कलम होतं: विभागात मान्य सिद्धांताशी विसंगत असा एक प्रयोग दाखवण्यात आला. त्याबाबत लेखी खुलासा आल्यावर मान्यतेचा विचार करण्यात येईल.

प्राचार्यांनी वायाळ सरांना आणि मला बोलावलं. मला शुद्धलेखनासाठी.

"वायाळ, मी मजकूर सांगतो, आपण लिहा. सदर प्रयोग..."

"साहेब, 'प्रयोग अपुरा हाय' असं लिहू का? तेबी खोटं नाही."

"अपुरा म्हटलं तर ते पूर्ण करा म्हणतील आणि आणखी एक समिती येईल. अयशस्वी लिहा." मग प्राचार्यांचा आवाज जरा खाली आला. ते वाईट गृहस्थ नव्हते, त्यांना फक्त वरून आलेल्या कागदाची भीती वाटे. "चाळीस मुलांचे अर्ज येऊन पडले आहेत, वायाळ. त्यात सात मुली आहेत. त्यांचे आईबाप त्यांना नागपूरला धाडणार आहेत का?"

सर टेबलावरच्या काचेकडे पाहत राहिले. बाहेर किसननं घंटा दिली, हळू.

"नाही धाडनार," ते म्हणाले. "मागच्या खेपेस माह्या बरोबर असन्याचं पोरांनी भोगलं. पुन्हा नाही." त्यांनी टाक उचलला. लिहू लागले. मध्येच थांबले आणि मान वर न करता विचारलं, "बाई, अयशस्वीतली शेवटची वेलांटी पहिली का दुसरी?"

"दुसरी," मी म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नसावं, कारण मला पुन्हा सांगावं लागलं. "दीर्घ. दुसरी."

त्यांनी ती दुसरी काढली, सही केली आणि टीपकागद लावला.

जूनच्या आधी मान्यता आली. दादासाहेबांनी पेढे वाटले, स्वतःच्या दूरदृष्टीवर भाषण केलं आणि ओघात वायाळ सरांचं नाव घ्यायचं राहून गेलं. पेढ्याचा तुकडा हातात घेऊन सर प्राचार्यांच्या खोलीत गेले आणि राजीनामा ठेवून आले. शेवटचं वर्ष शिकवायला पुण्याहून एक तरुण प्राध्यापक आणायचं आधीच ठरलं होतं, त्यामुळे राजीनामा मंजूर व्हायला वेळ लागला नाही. त्यांना रोहिणखेडच्याच शाळेत मास्तरकी मिळाली होती. मी स्टाफरूममध्ये त्यांना म्हटलं, "सर, कशाला? सही तर झाली. आता राहायला काय हरकत आहे?"

"सही पोरांसाठी केली बाई, ते ठीक हाय. पन त्या सहीनंतर खालच्या वर्गाले तो धडा मलेच शिकवा लागन. रोज फळ्यापाशी उभं राहून 'ओळखता येत नाही' म्हना लागन. तितकं काही जमाचं नाही मले."

त्यांना पोचवायला एस.टी. स्टँडवर मी आणि किसन असे दोघंच होतो. काकू सामान घेऊन आदल्या दिवशी गेल्या होत्या. सरांच्या बरोबर फक्त एक खोकं होतं, कडब्यात आणि जुन्या धोतरांत गुंडाळलेले त्यांच्या पदरचे आरसे. गाडी खच्चून भरली होती. त्यांना खिडकीपाशी एकच जागा मिळाली, ती त्यांनी खोक्याला दिली आणि स्वतः दांडी धरून उभे राहिले.

कंडक्टर आला. "हे कोनाचं? वर टाका टपावर."

"टपावर फुटन. काच हाय."

"मंग सीटवर काऊन ठेवलं? सीट मानसासाठी असते."

"मी तिकीट काढलं ना?"

"तुमचं काढलं. खोक्याचं कुठं हाय?"

"माह्या तिकिटावर खोकं बसलं," सर शांतपणे म्हणाले. "मी बिगर सीटचा. मले उतरवता का त्याले?"

कंडक्टरनं एकदा खोक्याकडे पाहिलं, एकदा टायरच्या चपलांकडे, आणि काय वाटलं कोणास ठाऊक, घंटीची दोरी ओढली.

गाडी स्टँडमधून घाटाच्या रस्त्याकडे वळली. मागच्या काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती. पहिलाच खड्डा आला तेव्हा उभी असलेली सगळी माणसं दांडीला घट्ट धरून राहिली. सरांनी मात्र दांडी सोडली, वाकले आणि दोन्ही हात खोक्यावर ठेवले.